काळ्या रंगाखालचा पाइप

प्लंबरची पिकअप सकाळी नऊच्या सुमारास गॅरेजच्या फाटकातून मुंगीच्या पावलांनी आत आली आणि भिंतीला टेकून थांबली. टेकून म्हणजे खरोखरच टेकून; पुढचा बंपर भिंतीला लागला तेव्हाच ती थांबली. प्लंबर खाली उतरला, कपाळावरचा घाम पुसला आणि सांगू लागला की ब्रेक दाबला की पाय सरळ तळाला जातोय, दोन चौक हँडब्रेकवर काढले, आणि तिसऱ्या चौकात एका सायकलवाल्याने जी शिवी हासडली ती ऐकून आपण अजून जिवंत आहोत याची खात्री पटली.

मिस्त्रीला हसू आलं. गेली सत्तावीस वर्षं तो याच पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांच्या पोटाखाली झोपत आला होता. ब्रेकची तक्रार घेऊन येणारा माणूस आधी विनोद करतो आणि मग तीच गोष्ट तीनदा सांगतो, हे त्याच्या पाठ झालं होतं. त्याने चाकांना लाकडी ठोकळे लावले, आपली चाकांची फळी ओढली, तिच्यावर उताणा पडला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला.

बिघाड शोधायला वेळ लागला नाही. मागच्या चाकांच्या जरा पुढे, चॅसीच्या आतल्या बाजूने ब्रेक ऑइलचा बारीक लोखंडी पाइप जातो. त्याच्या खालची जागा ओली होती. पाइप मात्र वरून झकास दिसत होता. काळा, गुळगुळीत, चकचकीत. मिस्त्रीने अंगठ्याचं नख त्याच्यावरून ओढलं. रंगाची साल सुटली, तिच्याखालून तांबडी भुकटी त्याच्या छातीवर सांडली, आणि पाइप बोटांत बिस्किटासारखा मोडला.

प्लंबर बाजूला उकिडवा बसून बघत होता. त्याचाही धंदा पाइपांचाच, त्यामुळे त्याला बोलल्याशिवाय राहवेना.

"आमच्यातही असंच असतं, मिस्त्री. जिथे क्लिप बसते तिथे पाणी धरून राहतं आणि पाइप आतल्या आत संपतो. उघडा असला तर निदान डोळ्यांना दिसतो तरी. वरून रंग मारला की संपलाय हे कळायचीही सोय नाही. ज्याने कोणी हा रंग मारला ना, त्याने मला जवळजवळ वर पाठवलं होतं."

टॉर्च हातात तशीच धरून मिस्त्री त्या मोडक्या तुकड्याकडे बघत राहिला. ही गाडी त्याने रंगवलेली नव्हती. पण अशीच एक पांढरी गाडी, याच मापाची, याच सालातली, याच काळ्या रंगाने खालून रंगवलेली, या क्षणी घाटाच्या माथ्यावर उभी होती. ती त्याने स्वतः रंगवली होती. आणि तिच्यातून त्याची ताई थोड्या वेळात घाट उतरणार होती.



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मिस्त्री दुरुस्तीच्या जोडीला जुन्या पिकअप घेऊन, ठाकठीक करून विकायचा. ताई आणि दाजींचा मासळीचा व्यवसाय. किनाऱ्यावरून पहाटे मासळी उचलायची, बर्फात घालून घाट चढायचा, माथ्यावरच्या गावात घाऊक बाजारात उतरवायची आणि येताना बटाट्याची पोती भरून आणायची. त्यांची आधीची गाडी बसली तेव्हा ताईने दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही. माझा भाऊ देईल ती गाडी घ्यायची, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. गाडी द्यायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीने तारेच्या ब्रशने तिची चॅसी खालून घासली. तेव्हा मागच्या क्लिपजवळ पाइपावर गंजाचे खड्डे पडलेले त्याला दिसले होते. दिसले नव्हते असं नाही. पाइप बदलायला हवा, असं त्याच्या मनातही आलं. पण त्या मापाचा पाइप दुकानात नव्हता, आणायला दोन दिवस लागणार होते आणि ताई सकाळीच येणार होती. एवढ्यातेवढ्याने काय होतंय, वर्षभर तर सहज जाईल, मग आपणच बदलू, असं म्हणून त्याने रंगाचा डबा उघडला.

सकाळी ताई आली तेव्हा त्याने तिला मुद्दाम वाकून बघायला लावलं होतं. "ताई, खालून एकदम नवी आहे बघ."

त्यानंतर गाडी दोनदा सर्व्हिसिंगला आली. दोन्ही वेळा दाजी घाईत होते, आणि खरं सांगायचं तर दोन्ही वेळा मिस्त्रीलाही ती घाई बरी वाटली होती. चार महिन्यांपूर्वी ब्रेक ऑइलची पातळी थोडी खाली गेलेली होती. ब्रेकचे लायनर झिजले की पातळी उतरते, असं सांगून त्याने ऑइलची डबी भरून दिली होती. ते खोटं नव्हतं. पण ते सांगताना आपण दाजींकडे न बघता डबीच्या झाकणाकडे बघत होतो, हे त्याला आता लख्ख आठवलं. त्यात मासळीची गाडी. बर्फ वितळून खारं पाणी फळ्यांच्या फटींतून रोज खाली गळणार, नेमकं त्याच पाइपावर. प्लंबरच्या गाडीत नुसते नळ आणि पाइपांचे कोपरे होते, तरी पाइपाची ही गत. मग तिथे काय झालं असेल?

तो गाडीखालून बाहेर आला, हात न पुसताच फोन काढला आणि दाजींना लावला. रिंग वाजून वाजून थांबली. दाजी गाडीत असले की फोन कप्प्यात टाकून द्यायचे. बोलता बोलता गाडी चालवणाऱ्यांना ते अर्धवट समजायचे. त्याने ताईला लावला. उचलला भाचीने. आई फोन घरीच विसरून गेली, ती म्हणाली, आणि मग मामाचा आवाज ऐकून तिने विचारलं, "मामा, काय झालं?"

"काही नाही गं. सहज," असं म्हणून त्याने फोन ठेवला. मग त्याला वाटलं की हे 'काही नाही' म्हणणंच आपल्याला इथवर घेऊन आलंय.

साडेनऊ होत होते. दाजी बाजारातून अकराच्या आसपास निघायचे. चढताना एवढी चिंता नसते, चढावर गाडी आपसूक मंदावते. खरा कस उताराचा. पाइप फुटला तरी पुढच्या दोन चाकांचे ब्रेक थोडेफार राहतात, हे मिस्त्री स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता. पण वीस पोती बटाटा भरलेली गाडी त्या घाटाच्या उतारावर पुढच्या दोन चाकांवर किती वळणं धरेल, याचं उत्तरही त्यालाच ठाऊक होतं. प्लंबरला त्याने एवढंच सांगितलं की गाडी इथेच राहू द्या, मला वर जायचंय. प्लंबरने त्याचा चेहरा बघितला आणि एकही प्रश्न न विचारता शेडचं दार लोटून घेतो म्हणाला. मिस्त्रीने पाने, टॉर्च आणि ऑइलची बाटली पिशवीत कोंबली आणि मोटारसायकलला किक मारली.

घाटाच्या पायथ्यापर्यंत रस्ता सरळ होता. समोरून येणारी प्रत्येक पांढरी गाडी दिसली की तो तिचा नंबर बघायचा, आणि ती दुसरीच निघाली की क्षणभर बरं वाटायचं. मग लगेच मनात यायचं, की तीही पिकअप जुनीच होती, आणि तिच्या खाली काय आहे कुणास ठाऊक. अशा गाड्या इतक्या आहेत हे त्याच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. भाजीच्या, विटांच्या, गाद्यांच्या, कोंबड्यांच्या खुराड्यांच्या. अर्ध्या मुलखाचा बोजा या म्हाताऱ्या गाड्यांच्या पाठीवर होता आणि माणसं त्यांत खिडकीवर कोपर टेकवून निवांत बसली होती.

घाटाच्या मध्यावर रस्त्याचं काम चाललं होतं. एका बाजूची वाहतूक थांबवून दुसरी सोडत होते. लाल झेंडीवाल्याने मिस्त्रीला अडवलं. त्याने विनवून पाहिलं, घरचं माणूस अडचणीत आहे म्हणाला. झेंडीवाला वैतागला नाही, पण हललाही नाही. वरच्या गाड्या सोडल्यात, त्या उतरून येईपर्यंत कोणाला सोडलं तर समोरासमोर गाठ पडेल, दहा मिनिटं लागतील, एवढं त्याने समजावलं.

ती दहा मिनिटं मिस्त्री आयुष्यभर विसरणार नव्हता. वरच्या वळणावरून एकेक गाडी बाहेर पडायची आणि झेंडीवाल्याजवळ येता येता वेग कमी करायची. ब्रेकचा तो ओळखीचा करकरता आवाज, तापलेल्या लायनरचा वास. इथे प्रत्येक जण जोरात ब्रेक दाबतो, त्याच्या मनात आलं. जो पाइप नेहमीच्या दाबाला कसाबसा टिकला असेल तो इथेच जाईल. आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला कठडा नव्हता. कामासाठी काढून ठेवला होता, त्याच्या जागी दोन रिकामी पिंपं आणि एक पट्टी बांधलेली.

एक दुधाचा टँकर आला. मागून एक बस. मग निळी ताडपत्री बांधलेली पांढरी पिकअप वळणावर दिसली. दाजींचीही ताडपत्री निळीच होती. तो मोटारसायकल सोडून रस्त्याच्या मध्ये धावला. झेंडीवाल्याने त्याच्या दंडाला धरून मागे खेचलं. गाडी शांतपणे समोरून गेली. चालवणारा कोणी तरुण होता, शेजारी एक बाई सफरचंद खात बसली होती.

"कुणाला शोधताय?" झेंडीवाल्याने विचारलं.

"बहिणीला," मिस्त्री म्हणाला.

रस्ता मोकळा झाला आणि तो सुटला. माथ्यावर पोचला तेव्हा साडेदहा उलटून गेले होते. घाऊक बाजाराच्या मोठ्या शेडमध्ये दाजींची जागा ठरलेली होती, पाण्याच्या नळाशेजारची. ती जागा रिकामी होती. ओल्या फरशीवर फक्त बर्फाचा चुरा आणि चार खवले. बाजूच्या खेकडेवाल्या मावशींनी सांगितलं की आज माल लवकर खपला, ते दोघं पंधरा मिनिटांपूर्वीच बटाटे भरायला गोदामाकडे गेले. गोदाम घाटाच्या तोंडाशीच होतं. म्हणजे येताना तो त्याच्यावरूनच आला होता आणि त्याने आत मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

तो उलटा फिरला. त्या दोन किलोमीटरांत त्याने काय काय कबूल केलं आणि कोणाकोणाला काय काय वचन दिलं, हे नंतर त्याचं त्यालाही आठवलं नाही.

गाडी गोदामाच्या दारातून बाहेर पडत होती. मागे पोती रचलेली, वर निळी ताडपत्री, दाजी स्टिअरिंगवर आणि ताई पलीकडच्या खिडकीत. मिस्त्रीने मोटारसायकल फाटकातच आडवी घातली.

दाजींनी गाडी थांबवली. अगदी व्यवस्थित थांबवली, ब्रेक लागला. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून हसत विचारलं की गिऱ्हाइकं कमी झाली म्हणून आता रस्त्यात अडवून गाड्या दुरुस्त करायला लागलास काय. गाडीला ते म्हातारी म्हणायचे. आमच्या म्हातारीला काही झालेलं नाही, बघ कशी जागच्या जागी थांबली, असंही त्यांनी ऐकवलं.

मिस्त्रीला वाटलं, खरंच काही झालं नसेल. आपण उगाच धावत सुटलो. आता काहीतरी निमित्त सांगावं, इकडे कामाला आलो होतो म्हणावं, आणि संध्याकाळी गाडी गॅरेजला बोलावून गुपचूप पाइप बदलून टाकावा. कोणाला काही कळणार नाही. हा विचार इतका सोपा आणि इतका गोड होता की तो तोंडापर्यंत आला. समोर घाटाची पहिली उतरण दिसत होती.

"दाजी, गाडी बंद करू नका," तो म्हणाला. "न्यूट्रलला टाका आणि हँडब्रेक ओढा. मी खाली जातोय. मी सांगितलं की ब्रेक दाबायचा. नेहमीसारखा नाही, घाटात एखादं जनावर एकदम आडवं आलं तर दाबाल तसा."

दाजींची थट्टा थांबली. मिस्त्रीने चारही चाकांना दगड लावले, पिशवी डोक्याखाली घेतली आणि उघड्या जमिनीवर पाठ टेकून आत सरकला. टॉर्चच्या उजेडात त्याचा स्वतःचा काळा रंग अजून चमकत होता. क्लिपजवळ मात्र तो फुगला होता, भाजलेल्या कातडीवर फोड यावा तसा. त्याने हात लावला नाही.

"दाबा."

काही झालं नाही.

"परत. जोरात."

पाइप नुसता थरथरला.

"अजून एकदा, दाजी. सगळा जीव लावून."

फट् असा आवाज झाला. फार मोठा नाही, बाटलीचं बूच निघावं तेवढाच. पुढच्या क्षणी ऑइलची धार त्याच्या तोंडावर आली आणि दोन्ही डोळ्यांत आग उठली. वरून दाजींचा आवाज त्याने ऐकला, बदललेला, म्हातारा झालेला आवाज: "पाय खाली गेला. पाय पार खाली गेला."

मिस्त्री आंधळ्यासारखा चाचपडत बाहेर आला. कोणीतरी त्याला ओढून पोत्यावर बसवलं. ते कोण हे त्याला बघायची गरज नव्हती. ताईने त्याची मान मागे केली, एका हाताने पापणी वर धरली आणि बाटलीतलं पाणी डोळ्यात ओतायला लागली. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई सोळाची. डोळ्यात कचरा गेला, गुडघा फुटला, ताप चढला, सगळ्याला हेच हात होते. तेव्हासारखीच ती आताही रागावत होती. डोळे मिटू नकोस, हलू नकोस, एवढं वय झालं तरी खाली जाताना चष्मा घालायचं कळत नाही.

तोवर गोदामातले हमाल जमले होते. दाजी त्यांना सांगत सुटले होते. त्यांचं बोलणं थांबत नव्हतं. हा माझा मेहुणा, मिस्त्री आहे, गॅरेज सोडून घाट चढून आला, रक्ताचं नातं कसं असतं बघा, बहिणीवर संकट येणार हे याच्या पोटात आलं, दोन मिनिटं उशीर झाला असता तर आम्ही दोघं दरीत असतो. कोणीतरी मिस्त्रीच्या पाठीवर थोपटलं. असा भाऊ नशिबाने मिळतो, कोणी म्हणालं.

मिस्त्रीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

ताईने त्याच्या डोळ्यांवर पदर दाबून धरला. "पण तुला कळलं कसं रे?" तिने हळूच विचारलं.

त्याचे डोळे मिटलेले होते म्हणूनच बहुधा त्याला बोलता आलं. "मला आधीपासून माहीत होतं, ताई. गाडी दिली तेव्हाच. पाइप गंजला होता. मी बदलला नाही, वरून रंग मारला. दोनदा गाडी आली तेव्हाही बोललो नाही. आज दुसऱ्याचा पाइप हातात मोडला तेव्हा तुझी आठवण झाली."

डोळ्यांवरचा हात तसाच राहिला, पण त्यातला जोर गेला. मग तोही निघाला. मिस्त्रीने डोळे किलकिले केले. सगळं धुरकट दिसत होतं. ताई दोन पावलं मागे सरकून उभी होती. दाजी हमालांशी बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबले होते.

दाजींनी ताडपत्रीचा दोर सोडला आणि एकेक पोतं पाठीवर घेऊन गोदामाच्या ओट्यावर ठेवायला लागले. वय साठीला टेकलेलं, तरी हमालांना त्यांनी हाताने बाजूला केलं. मिस्त्री मदतीला उठला तर त्यालाही. वीसच्या वीस पोती त्यांनी एकट्याने उतरवली. ताईने रिकाम्या गाडीच्या फळ्यांकडे बघितलं.

"परवा या गाडीतून पोरीला परीक्षेला सोडलं," ती म्हणाली. "मला नुसतं सांगायचं होतंस. मी दोन दिवस थांबले असते. दोन दिवसांनी माझं काय जाणार होतं?"

मिस्त्रीने पिशवी उचलली आणि पाइप शोधायला गावाकडे निघाला.

माथ्यावरच्या गावात पाइप मिळाला. त्या दुपारी त्याने पुढून मागपर्यंत सगळा पाइप नवा टाकला. गाडी हँडब्रेकवर हळूहळू तिथल्या दुकानदाराच्या गॅरेजमध्ये आणली होती; काम चाललं तेव्हा दाजी शेजारी बसून होते, एकेक नट आवळताना बघत. हा कशासाठी, तो कशासाठी, ते विचारत आणि मिस्त्री सांगे. परक्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं ते बोलणं होतं. ब्रेकमधली हवा काढायची वेळ आली तेव्हा दाजी स्वतःच जाऊन स्टिअरिंगवर बसले आणि सांगेल तसा पेडल दाबत राहिले. काम झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "असा रंग मारून अजून किती विकल्यास?"

"तुमची धरून आठ."

"त्यांच्या खाली काय होतं?"

"काहींच्या बघितलं होतं. काहींच्या बघितलंसुद्धा नाही."

"त्या सात गाड्यांतही कोणाची तरी ताई बसते," दाजी म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले. ताई त्यांच्या शेजारी बसली. रिकामी गाडी पहिल्या गियरमध्ये घाट उतरू लागली आणि मिस्त्री मोटारसायकलवरून तिच्या मागे राहिला. प्रत्येक वळणावर मागचा लाल दिवा लागायचा, गाडी धरायची, आणि तेवढ्यापुरता त्याचा श्वास सुटायचा. मग पुढचं वळण.

दुसऱ्या दिवसापासून त्याने शोधायला सुरुवात केली. पहिली गाडी विटांच्या भट्टीवर होती. मालकाने सगळं ऐकून घेतलं, कॉलर धरली, आणि मग कॉलर सोडून ड्रायव्हरला हाक मारली की आज गाडी काढू नकोस. दुसरी एका गवंड्याकडे होती, तो हसला, ब्रेक म्हणून मी कधी वापरतच नाही म्हणाला, पण गाडी दिली. तिच्या पाइपाला हात लावताच भोक पडलं. तिसरीचा पाइप खणखणीत निघाला. तरी तिच्या मालकिणीने मिस्त्रीकडून काम करून घ्यायला नकार दिला आणि त्याच्यादेखत गाडी दुसऱ्या गॅरेजला लावली. चौथी भंगारात गेली होती. तिचा सांगाडा स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत मिस्त्रीने भंगारवाल्याचा पिच्छा सोडला नाही. पाचवी आणि सहावी एकाच सुताराकडे निघाल्या. जिथे गेला तिथे त्याने रंगाचं खरं ते सांगितलं. बातमी व्हायला वेळ लागत नाही. महिन्याभरात शेडसमोरची गाड्यांची रांग आटली. प्लंबर तेवढा येत राहिला. चूक सांगणारा मिस्त्री बरा, असं त्याचं मत होतं, आणि ते तो न विचारता कोणालाही ऐकवायचा.

ताईचा फोन तीन आठवड्यांनी आला. तिने तब्येतीची चौकशी केली, डोळे कसे आहेत विचारलं, भाचीचा निकाल सांगितला. दाजींचं नाव दोघांनीही काढलं नाही. दाजी गॅरेजला यायचे बंद झाले. दर रविवारी ते स्वतः टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतात आणि पाइपांवर कापड फिरवतात, असं भाचीने मामाला सांगितलं. तीन महिन्यांनी एका सकाळी मात्र गाडी फाटकाशी थांबली. दाजी खाली उतरले नाहीत. मागच्या डाव्या चाकातून आवाज येतोय, एवढंच खिडकीतून म्हणाले, आणि चावी पुढे केली. मिस्त्रीने ती दोन्ही हातांनी घेतली. ब्रेकचा ड्रम उघडायला घेतल्यावर मात्र दाजी उतरले आणि काम होईपर्यंत खाली वाकून बघत राहिले, आणि मिस्त्रीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सातवी गाडी सापडली नाही. ती ज्याला विकली होती त्याने दुसऱ्याला विकली, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तिसरा राहतं घर सोडून गेला होता. मिस्त्रीने नंबर घेऊन दोन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. कागदावर गाडी अजून पहिल्याच माणसाच्या नावावर होती. ती कुठल्याशा गावात सामान वाहते, एवढं एका टायरवाल्याने सांगितलं, आणि गाव कुठलं ते त्यालाही नक्की आठवत नव्हतं. तेव्हापासून मिस्त्री सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन निघतो. आजवर अशी अकरा गावं झाली.

बाराव्या गावात, पेट्रोल पंपावर, भर दुपारी त्याला एक जुनी पांढरी पिकअप दिसली. नंबर बदललेला असू शकतो, दाराचा रंग बदललेला असू शकतो. चालवणारी मध्यम वयाची बाई होती. मागे धुतलेल्या कपड्यांची गाठोडी होती, कुठल्यातरी लॉन्ड्रीची. मिस्त्रीने तिला हात जोडून विचारलं की दोन मिनिटं गाडीखाली बघू का. तिने आधी त्याला, मग त्याच्या पिशवीला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, बघा, पण माझी गाडी चांगली आहे, घेतली तेव्हा खालून एकदम नवी होती.

मिस्त्रीने चाकाला दगड लावला, तापलेल्या जमिनीवर पाठ टेकली आणि टॉर्च लावून आत सरकला.